उसना हिवाळा

सुरतेच्या पांडेसऱ्यात बर्फ पडतो तो कापडावर. जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रिंटिंग मिलमध्ये निळ्या पॉलिस्टरवर पांढरी हिमफुले छापली जातात आणि तो ताका स्टेंटरमधून, म्हणजे सुमारे १८० अंश तापलेल्या हवेच्या बोगद्यातून, ताणून बाहेर काढला जातो. पलीकडच्या तोंडाशी कापड धरणाऱ्या कामगाराच्या गंजीवर घामाचे मीठ वाळलेले असते. छोट्या मुलींच्या फ्रॉकसाठी या छापाला कायम गिऱ्हाईक आहे. डिस्नेचा ‘फ्रोझन’ २०१३ मध्ये आला; तेव्हापासून बर्फाची राणी आमच्या बाजारातून हललेली नाही.

या हिमफुलांना बहुतेक वेळा आठ पाकळ्या असतात. खऱ्या हिमकणाला सहा, कारण पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळीत बसतात. केप्लरने १६११ साली या सहा कोनांवर एक छोटी पुस्तिका लिहिली, पण कारण त्याच्या हाती लागले नाही. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बेंटली नावाच्या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र काढले, तेव्हा जगाला ते सहा हात नीट दिसले. आमचा डिझायनर संगणकावर एक तुकडा काढतो, तो डावीउजवीकडे आणि मग खालीवर उलटवतो. अशा चौपट नक्षीत आठ पाकळ्या आपोआप जमतात. माल खपतो. छापणाऱ्याने बर्फ पाहिलेला नसतो, घालणारीने पाहिलेला नसतो, तेव्हा तक्रार करणार कोण?

मी याच वस्तीत एका मिलचा हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात पुस्तके वाचतो. आमच्या गल्लीत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची घरे जास्त. पुढच्या गल्लीत ओडिशातल्या गंजामची माणसे, त्यापुढे उत्तर प्रदेश आणि बिहारची. यांतल्या कोणाच्या गावी बर्फ पडत नाही. तरीही इथल्या कोणत्याही पोराला विचारा, बर्फाच्या राज्याचा भूगोल त्याला तोंडपाठ असतो. भिंतीपलीकडे कोण राहते, लांडगे कोणाच्या बाजूने लढतात, राणीने हात उगारला की काय गोठते, हे सगळे मोबाइलच्या पडद्यावरून त्याच्यापर्यंत पोहोचलेले आहे.

वरच्या मजल्यावरची एक मुलगी बारावीत आहे. ती मोबाइलवर कादंबरी लिहिते आणि प्रकरण झाले की मला वाचायला देते. तिच्या राज्यात वर्षाचे दहा महिने बर्फ पडतो. राजवाडा स्फटिकाचा आहे, नायिकेचे केस चांदीच्या रंगाचे आहेत, आणि तिसऱ्या प्रकरणात ती अंगणातल्या बागेतून केळीचा घड तोडून प्रजेला वाटते. धुणे दोरीवर वाळत घातलेले आहे. दूधवाला रोज सकाळी येतो. मी म्हटले, “बाळा, दहा महिने बर्फ असेल तर केळी कुठून आली? आणि दूधवाल्याच्या गायी खातात काय?” ती म्हणाली, “काका, जादूचं राज्य आहे ना. चालतं.”

चालते, हे खरे आहे. थोरामोठ्यांचेही चालले आहे. सी. एस. लुईस यांच्या नार्नियात शंभर वर्षे हिवाळा आहे आणि नाताळ एकदाही आलेला नाही. १९५० साली आलेल्या त्या पहिल्या पुस्तकात चार मुले बीव्हर नवराबायकोच्या घरी जेवायला बसतात. बीव्हर बर्फाला पाडलेल्या भोकातून मासा काढून आणतो, इथवर ठीक. पण ताटात बटाटेही येतात, लोणी येते आणि शेवटी संत्र्याचा मुरंबा भरलेला गोड रोलही येतो. शंभर वर्षे जमीन गोठलेली असताना बटाटे कोणत्या शेतात पिकले आणि संत्री कुठून आली, हे कोणी विचारत नाही. लुईस यांना सोळाव्या वर्षापासून एक चित्र दिसत असे: बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बकऱ्याच्या पायांचा एक जीव. त्या चित्रातून पुस्तक निघाले. तिथला हिवाळा हा शाप आहे, ऋतू नाही. शाप उतरला की झरे वाहू लागतात आणि गोष्ट पुढे सरकते. भुकेचा हिशेब तिथे कोणी मागत नाही.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकांत तो मागितला जातो, आणि हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला ती पुस्तके आवडली. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ मध्ये आले, त्यावरची मालिका २०११ ते २०१९ चालली. मालिकेतल्या तलवारी आणि ड्रॅगन सगळ्यांना आठवतात. मला त्यातले कोठार आठवते. त्या जगात ऋतू काही वर्षे टिकतात आणि पुढचा हिवाळा किती लांबेल हे कोणालाच सांगता येत नाही. मग उत्तरेकडच्या माणसांचे सगळे वागणे त्या एका अनिश्चिततेभोवती बांधले जाते. विंटरफेलचा किल्ला गरम पाण्याच्या झऱ्यांवर उभा आहे आणि ते कढत पाणी भिंतींतून खेळवलेले आहे. आत काचेच्या बागा आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी एक गाव आहे, त्याची बहुतेक घरे उन्हाळ्याच्या वर्षांत ओस असतात. हिवाळा आला की दूरदूरच्या शेतांवरून माणसे तिथे येऊन भरतात. यजमानाची भाकरी आणि मीठ एकदा पोटात गेले की त्याने पाहुण्याच्या जिवाला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा आहे. बाहेर वादळ असताना दार उघडणे आणि उघड्या दारातून आत येणे, दोन्ही जिवावरची कामे. म्हणून हा कायदा राजाच्या हुकमापेक्षा जुना आणि वजनदार आहे. तो मोडणाऱ्या घराण्याचे नाव मग सगळा मुलूख थुंकून घेतो.

त्यांतली एक रीत वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. धान्य संपत आले की उत्तरेतले म्हातारे उठतात आणि शिकारीला जातो म्हणून सांगतात. काही जण वसंतात सापडतात, बाकीचे सापडत नाहीत. घरातले कोणी त्यांना थांबवत नाही आणि शिकार मिळाली का म्हणून विचारतही नाही. एक तोंड कमी झाले की नातवाला आणखी काही दिवस मिळतात. मार्टिन यांनी यावर भाष्य केलेले नाही, फक्त रीत सांगितली आहे. सत्तरच्या दशकात ते आयोवातल्या डब्यूक गावी शिकवायला होते आणि तिथल्या कडक हिवाळ्यांनी आपल्या लिहिण्यात भर घातली, असे त्यांनी सांगितले आहे. बर्फ कसा चकाकतो हे खिडकीतूनही दिसते. तो घरातल्या माणसांकडून काय काय वसूल करतो हे कळायला त्याच्याबरोबर राहावे लागते.

मात्र थंडी एकच असली तरी तिचे उत्तर एकच असते असे नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीतला गेथेन हा ग्रह अखंड गारठलेला आहे. तिथली माणसे दिवसातून पुष्कळदा खातात, कारण शरीराची ऊब टिकवायला इंधन लागते. बिअर गरम करून पितात. पेयावर दोन घोटांच्या मध्ये साय धरावी तसा बर्फ धरतो, तो फोडायला त्यांच्याकडे खास हत्यार आहे. त्यांची वाहने मुद्दाम सावकाश चालतात. उडणारा प्राणीच ग्रहावर नसल्यामुळे विमानाची कल्पना कोणाला सुचलेली नाही. आणि भांडणे, खून, कारस्थाने असूनही त्या लोकांनी अजून युद्ध केलेले नाही. माणसापेक्षा क्रूर शत्रू रोज दाराशी उभा असताना फौजा पोसणार कोण, असा एक तर्क पुस्तकात आहे. ले ग्विन यांनी स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमांची वर्णने आवडीने वाचली होती. मार्टिन यांच्या बर्फातून तटबंदी आणि पहारेकरी उभे राहिले, ले ग्विन यांच्या बर्फातून एकाच तंबूत स्टोव्ह सांभाळणारे दोन अनोळखी जीव. हवामान प्रश्न विचारते. उत्तर माणसे देतात, आणि त्या उत्तरालाच आपण संस्कृती म्हणतो.

आपल्याकडे हा प्रश्न बर्फाने फारसा विचारला नाही. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे वर्णन केले, त्यात बर्फ हा पर्वताचा दोष म्हणून येतो: अनंत रत्ने देणाऱ्याच्या अंगचा एक उणेपणा, जो गुणांच्या गर्दीत बुडून जातो. उज्जयिनीच्या कवीला बर्फाची बाजू सावरून घ्यावीशी वाटली, यात मला मौज वाटते. महाभारतात पांडव महाप्रस्थानाला निघतात आणि द्रौपदीपासून एकेक जण पडत जातो. आपल्या मनात ते चित्र बर्फातलेच असते. ग्रंथात मात्र हिमालय ओलांडल्यावर त्यांना वाळूचा समुद्र लागतो आणि मग मेरू दिसतो. आमच्या गोष्टींतल्या बर्फात देव राहतात, तपस्वी बसतात, आयुष्य संपलेले लोक चालत जातात. तिथे चूल पेटवून, पोरे वाढवून, दाणे मोजून राहणारे कोणी नाही.

अपवाद आहे, आणि तो सुरतेच्या जुन्या रहिवाशांकडे आहे. पारशांच्या ‘वेंदिदाद’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात अहुर मज्द यिम राजाला बजावतो की जीवघेणा हिवाळा येणार आहे, खोल बर्फ पडणार आहे. यिमाने ‘वर’ नावाचे बंदिस्त आवार बांधायचे, माणसांचे, गुरांचे, झाडांचे उत्तमोत्तम बीज आत न्यायचे, वस्तीची वाटणी करायची, पाणी खेळवायचे. जगबुडीच्या कथेत नाव बांधतात, इथे कोठार बांधतात. त्या आवारात सूर्य, चंद्र, तारे वर्षातून एकदाच उगवताना दिसतात आणि वर्ष एका दिवसासारखे जाते, असेही त्यात म्हटले आहे.

या ओळीवर एका मराठी माणसाची नजर पडली होती. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केले. ऋग्वेदातली उषा पुष्कळ दिवस रेंगाळते, रात्र सरेल की नाही याची ऋषींना धास्ती वाटते, ‘वेंदिदाद’मध्ये वर्षाचा दिवस होतो आणि बर्फाने मायभूमी नष्ट होते. एवढ्यावरून टिळकांनी वेदकर्त्यांचे मूळ घर ध्रुवाजवळ मांडले. अभ्यासकांनी तो सिद्धांत पुढे स्वीकारला नाही. पण त्यांची रीत बघण्यासारखी आहे. कादंबरीकार आधी हवामान ठरवतो आणि त्यातून रीती, सण, भीती घडवतो. टिळक उलटे चालले. भीती आणि सण हातात घेऊन हवामानापर्यंत गेले. लोक कशाला घाबरतात आणि कशाची वाट बघतात एवढे कळले तर ते कोणत्या आकाशाखाली राहिले हे सांगता येईल, असा त्यामागचा भरवसा होता. डिसेंबर १९०७ मध्ये हेच टिळक काँग्रेसच्या अधिवेशनासाठी सुरतेत आले. मंडपात खुर्च्या उडाल्या, दक्षिणी जोडा फेकला गेला, काँग्रेस दुभंगली. सुरतेच्या इतिहासात त्यांचे नाव त्या जोड्याबरोबर येते. ध्रुवावरचे घर शोधणारा माणूस म्हणून त्यांची ओळख इथे कोणी सांगत नाही.

दुसरा मराठी माणूस जयंत नारळीकर. त्यांच्या ‘हिमप्रलय’ या विज्ञानकथेत चक्क मुंबईत बर्फ पडतो. वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ हिमयुग येणार असे सांगत असतो. समुद्रातली ऊब घटली की हवेत काय होईल याचा त्याने हिशेब मांडलेला असतो: फार थंड हवेत, उणे ४० अंशांच्या आसपास, बाष्पाचे कण थेट गोठतात, ती हिऱ्यांसारखी धूळ सूर्याचा प्रकाश परतवते आणि पृथ्वी आणखी गार होत जाते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही हा विचार एका पुस्तकात मांडला. कथेतले पहिले हिम पाहून मुले आनंदाने ओरडतात आणि मोठ्यांच्या पोटात गोळा येतो. बर्फाच्या गोष्टीची कसोटी मला इथेच सापडते. जिथे तो फक्त मुलांना दिसतो तिथे तो देखावा असतो. जिथे आईला तो दिसतो आणि तिची नजर आधी डब्यांकडे जाते, तिथे गोष्ट सुरू झालेली असते.

मग आमच्याकडे आईची नजर डब्यांकडे केव्हा जाते? मी त्या मुलीला तिच्या आजीकडे पाठवले. आजी शिंदखेड्याकडची, तोंडात अहिराणी. ती म्हणाली, “पानी येवाना पयले घर भरी ठेवनं पडे.” खानदेशात उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, शेवया, पापड होतात, ते गच्चीभर वाळतात आणि पत्र्याच्या डब्यांत जातात. कांदा टांगला जातो, गोवऱ्या रचून झाकल्या जातात, डाळी ऊन दाखवून भरल्या जातात. हे सगळे जूनच्या आत. पुढे चार महिने वाटा चिखलाच्या, नदीला पूर, बाजार लांब. आषाढी एकादशीला देवसुद्धा झोपी जातो आणि कार्तिकीला उठतो. लग्ने थांबतात. घराघरांतून पोथी लागते, चातुर्मासाच्या कहाण्या वाचल्या जातात. आइसलंडमध्ये हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी सगळे घर एका खोलीत लोकरीचे काम करत बसे आणि एक जण मोठ्याने जुन्या गाथा वाची. तिथे बर्फाने माणसांना एका दिव्याभोवती बसवले, आपल्याकडे पावसाने. म्हणजे बर्फाळ राज्यांतल्या कोठारांचा, बंद दारांचा, लांबलेल्या गोष्टींचा अर्थ मराठी वाचकाला परका नाही. त्याच्या घरी तो आषाढात येतो.

खरी थंडीही आम्हाला माहीत आहे, पण ती शेतातून. जळगावकडे रावेर, यावलच्या केळीला थंडीचा चरका बसतो. पारा दहाच्या खाली उतरला की पाने पिवळी पडतात, घड अडकतो, आणि शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर ओलासुका कचरा जाळून धूर करतात. त्याच रात्री शेजारच्या वावरातला गहू खूश असतो. त्याच दिवसांत वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी होते, शेकोटीभोवती माणसे जमतात. एकाच रात्री एकाची बाग जाते आणि दुसऱ्याचे पीक पोसते. राज्य उभारणाऱ्याला याहून चांगला धडा कुठला मिळणार? हिवाळा सगळ्यांचा शत्रू असतो हे गोष्टींतले वाक्य खऱ्या गावात टिकत नाही. मी हे सांगितल्यावर त्या मुलीने तिसऱ्या प्रकरणातली केळी काढली नाहीत. ती आता राजवाड्यात काचेखाली वाढतात, त्यांच्यासाठी रात्रभर सरपण जळते आणि ते सरपण ज्या गावातून जबरदस्तीने येते त्या गावाची पोरे गारठतात. तिच्या कादंबरीत पहिल्यांदाच कोणीतरी राणीवर चिडले आहे.

पांडेसऱ्यात बर्फ लादीच्या रूपाने येतो. गोळ्याच्या गाडीवर तो किसला जातो, मासळीवर फोडून पसरला जातो आणि घरात कोणी गेले तर दाराशी उतरवला जातो. मुलगा भुसावळकडच्या गाडीत बसला आहे, उधन्याला उतरायला अजून वेळ आहे, तोवर अंगाभोवती लाद्या रचून ठेवायच्या. खाली पाण्याचा ओघळ सुरू होतो आणि बायका तो फडक्याने टिपत राहतात. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेत हिवाळ्यात जमीन इतकी कडक होई की कबर खणता येत नसे. म्हणून गावाबाहेर दगडी कोठी बांधत, मृत माणसे वसंतापर्यंत तिथे ठेवत, आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा एकदा सगळे जमून पुरत. त्यांचा शोक महिनोन्महिने थांबवला जाई. आमच्याकडे अर्धा दिवस थांबवण्यासाठी धडपड करावी लागते. निरोपाला किती वेळ मिळावा हेसुद्धा हवा ठरवते.

पांडेसऱ्याची हवा मात्र आभाळ एकटे ठरवत नाही. पॉलिस्टर रंगवायला जेट मशीनमध्ये पाणी दाबाखाली १३० अंशांवर न्यावे लागते, एरवी रंग धाग्यात नीट शिरत नाही. त्यासाठी कोळशाचे बॉयलर रात्रंदिवस पेटलेले असतात आणि वाफेचे नळ खात्याखात्यांतून फिरवलेले असतात. विंटरफेलच्या भिंतींतून ऊब खेळते ती माणसे जगावीत म्हणून. आमच्या भिंतींतून खेळते ती कापड रंगावे म्हणून. इथले ऋतूही वेगळे आहेत. लग्नसराई आली की पाळ्या लांबतात, मंदी आली की आठवड्यातले दिवस कमी होतात. दिवाळीत बॉयलर थंड होतात आणि वस्ती ओस पडते. गाड्या भरभरून खानदेशाकडे, गंजामकडे, बिहारकडे जातात आणि दिवाळी सरल्यावर तशाच भरून येतात. मार्टिन यांच्या त्या पायथ्याच्या गावाचे वेळापत्रक मी वाचले तेव्हा मला समजावून सांगायला कोणी लागले नाही. गंजामच्या कामगारांच्या मेसमध्ये एकाच हातभर जागेवर दिवसपाळीचा आणि रातपाळीचा माणूस आळीपाळीने झोपतो. गावाहून नवा पोरगा उतरला की ओळख असो नसो, त्याला आधी पाणी, मग चहा, मग भिंतीकडेची जागा. पहिला पगार होईपर्यंत जेवणाचे पैसे कोणी मागत नाही. भाकरी आणि मिठाचा कायदा तो हाच. तो कोणी लिहून ठेवलेला नाही आणि मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही.

आणि म्हातारे इथेही शिकारीला जातात. स्टेंटरसमोर वर्षे काढलेल्या माणसाला एक दिवस पाळी झेपेनाशी होते. तो म्हणतो, गावाला जाऊन येतो, शेताकडे बघायला हवे. शेत किती आहे ते सगळ्यांना माहीत असते. सोबतचे त्याला स्टेशनवर सोडतात, एखादा साडीचा पीस हातात देतात, लवकर ये म्हणतात. त्याची झोपायची जागा दुसऱ्याला मिळते. कधी येणार असे पुढे कोणी विचारत नाही. ‘गावाला जाऊन येतो’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले होते. ते ऐकत असताना मला त्यात काही विशेष वाटले नव्हते. परदेशी बर्फातले म्हातारे वाचल्यावर ते मला ऐकू आले. परक्या हिवाळ्याची गोष्ट वाचावी ती यासाठी.

म्हणून बर्फ उसना आणण्याला माझी हरकत नाही. कालिदासाने आणला, टिळकांनी आणला, नारळीकरांनी तर मुंबईत आणून टाकला. पांडेसऱ्यात, लिंबायतमध्ये, डिंडोलीत मोबाइलवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगायचे आहे: तुमच्या राज्यात खुशाल दहा महिने बर्फ पाडा, पण सिंहासन मांडण्याआधी कोठार मांडा. त्यात किती दाणे आहेत, किल्ली कोणाकडे आहे आणि ते संपत आल्यावर पहिला उपाशी कोण राहणार, हे आधी ठरवा. ते ठरले की राणीचे केस कोणत्या रंगाचे आहेत याला महत्त्व राहत नाही. आणि जमले तर एक राज्य असे लिहा, जिथला ऋतू बॉयलर ठरवतो, जिथे देवाऐवजी बाजार झोपतो आणि उठतो, जिथली माणसे वर्षातून एकदा गावच्या गाव मोकळे करून निघून जातात. असे राज्य मराठीत मी अजून वाचलेले नाही. ज्यांनी लिहायचे ते इथेच राहतात, आणि त्यांनी आता लिहावे.